धोंड्याच्या महिन्यातली सुट्टी

कोळ्यांची मोठी सुट्टी पावसात येते. बाकीचं जग मे महिन्यात महाबळेश्वरला जातं, दिवाळीत गोव्याला जातं. आणि ज्या दिवसांत शहाणा माणूस कोपऱ्यावरून दूध आणायचंही टाळतो, त्या दिवसांत दिवाळे गावचे कोळी होड्या वर ओढून, शाकारून, जाळी दुरुस्त करत घरी बसतात. शहाण्णव साली तर आषाढच दोन आले. धोंड्याच्या महिन्यामुळे नारळी पौर्णिमा ऑगस्टच्या पार टोकाला गेली आणि सुट्टी संपता संपेना. सरकारी बंदी आधी उठायची, पण दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी लोटणाऱ्यांतले जयदेवदादा नव्हते.

जयदेवदादा म्हणजे दमयंतीताईंचे यजमान, आणि दमयंतीताई वाशीच्या मार्केटात मासे विकायच्या. मी त्यांचं गिऱ्हाईक. खरं तर गिऱ्हाईक कोण ते त्याच ठरवायच्या. एखादा माणूस डोक्यात गेला की "आज ताजा नाय, पुढं जा" म्हणून ताजं पापलेट पोत्याखाली सरकवताना मी त्यांना डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्यावर त्यांची मर्जी बसली ती एका प्रवासामुळे. मी तेव्हा चाळिशीला टेकलेली, बिनलग्नाची, सरकारी कचेरीत नोकरीला, घरी म्हातारी आई. दोनेक वर्षांपूर्वी आईला भावाकडे ठेवून मी एकटीच तंजावरपर्यंत जाऊन आले होते. आमच्या सोसायटीला तो विषय बरेच दिवस पुरला. दमयंतीताईंच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी हातातला कोयता खाली ठेवला.

"एकली? म्हंजे संगती कोनच नाय?"

"कोणीच नाही."

"मंग कवा उठायचा, कुठं जायाचा, ता ठरवायचा कोन?"

"मीच."

मागचं गिऱ्हाईक कुरकुरायला लागलं तेव्हा त्याला गप्प करून त्यांनी मला दोन बोंबील जास्त घातले. त्यानंतर मी गेले की त्या काही ना काही विचारायच्या. खोली कशी मिळाली, भाषा येत नसताना जेवण कसं मागितलं, रस्ता चुकले तेव्हा काय केलं. माझ्या भावानं यातला एकही प्रश्न कधी विचारला नव्हता.

त्या हे का विचारत होत्या ते कळायला जयदेवदादांना ओळखायला हवं. ते तांडेल होते. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य माणूस. जाळं कुठं टाकायचं, वारा फिरला तर परतायचं की थांबायचं, हे तो एकटा ठरवतो आणि खलाशी उलट बोलत नाहीत. बोलायला तिथं वेळच नसतो. जयदेवदादा नावाजलेले तांडेल. त्यांच्या होडीवर गेलेला माणूस घरी परत येणारच, असं गाव अभिमानानं सांगायचं. फक्त बंदराला उतरताना तांडेलकी होडीतच ठेवून यायची असते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. घराला रंग कोणता, मुलगा प्रितेश कोणत्या कंपनीत चिकटणार, सून दिशा कोणाच्या घरातली, सगळं तेच ठरवायचे. ओरडणं नाही, हात उगारणं तर नाहीच. एक वाक्य बोलायचे आणि विषय मिटायचा. अख्खं मार्केट जिच्या तोंडाला वचकून असायचं, ती बाई घराच्या उंबऱ्यात खलाशी होऊन जायची. मला या गोष्टीचा फार राग यायचा. दारुड्या नवऱ्याशी भांडायला सगळं गाव मदतीला येतं. भल्या नवऱ्याशी भांडायचं तर बाई एकटी पडते.

पावसाळ्यात आपल्याकडची मासळी बंद झाली की मार्केटात बर्फातला माल येतो, पूर्वेच्या किनाऱ्यावरून, ट्रक भरभरून. दमयंतीताई तो विकत नसत, त्या सुके बोंबील आणि सोडे मांडून बसायच्या. पण शेजारच्या ओट्यावरची ती परकी सुरमई उचलून, कल्ले उघडून बघितल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही.

"आपला दर्या बंद, न यांचा चालू? तिकरं आषाढ नाय का काय?"

मी सांगितलं, तिकडे पाऊस वेगळ्या वेळी येतो, आपल्याकडे होड्या शाकारतात तेव्हा तिकडे धंदा जोरात असतो.

"मना ता बगाचा हाय," त्या म्हणाल्या. "देवलां हितं पन हायत. भर आषाढात ताजी मासली घेऊन बसलेल्या बाया मना बगाच्या हायत. त्यांच्याबाजूला बसाचा हाय जरा."

माणसं ताजमहाल बघायला जातात, बर्फात लोळायला जातात. ही बाई दुसऱ्या मासेवालीशेजारी बसायला दीड हजार किलोमीटर जायचं म्हणत होती. मला ते इतकं आवडलं की मी वजन बघायचंही विसरले.

आणि त्या वर्षी योग आला. सुट्टी लांबलेली, तेव्हा आईबापानं कुठंतरी फिरून यावं, असं प्रितेशनं काढलं. धोंड्याचा महिना म्हणून वाशीतली एक छोटी यात्रा कंपनी रामेश्वर-कन्याकुमारीची बस काढत होती. आचारी बरोबर, सकाळी पोहे, रात्री पिठलं-भात, सगळं ठरलेलं. दमयंतीताईंच्या मनात होतं ते वेगळं. आगगाडीनं आपलं आपण जायचं, वाटेल तिथं थांबायचं. त्यांनी मला वकिली करायला दिवाळ्याला घरी बोलावलं.

मी तयारीनं गेले होते. रेल्वेचं वेळापत्रक, लॉजचे पत्ते, सगळं घेऊन. जयदेवदादा जाळं पसरून बसले होते. त्यांनी माझं सगळं बोलणं नीट ऐकून घेतलं. मधे एकदा दिशाला चहा टाकायला सांगितला. मी दमले तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"एकल्या गेल्ता. आजारी परला असता तर?"

खोटं बोलायची बुद्धी मला नेमकी नको तेव्हा सोडून जाते. "पडले होते ना," मी म्हणाले. "तंजावरला तापानं फणफणले होते. पण लॉजवाल्याच्या बायकोनं पेज करून घातली. मला तर त्या प्रवासातलं तेच सगळ्यात जास्त आठवतं."

त्यांनी फक्त तापाचं ऐकलं. "एका होडीवर दोगं हुकूम सोडताना मी बगितलंत," ते सुई चालवत म्हणाले. "ती होडी मंग हुडकाला आमीच गेल्तो. परमुलखात मना वाट ठाव नाय, हिला नाय. ज्याला ठाव हाय त्याचा ऐकाचा. यात्रेनं जाव."

विषय मिटला. दमयंतीताई आतून चहा घेऊन आल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला हरल्याचं वाईट वाटलं. पण त्याहून वाईट हे वाटलं, की बोलणं मी केलं, जाळ्याची सुई त्यांनी चालवली, आणि जिची सुट्टी होती ती स्वयंपाकघरात कप विसळत होती.

घरी येऊन मी तणतणत हे आईला सांगितलं. आईनं सगळं सोडून एवढंच धरलं. "आचारी बरोबर असतो? मग मलाही ने गं रामेश्वरला." झालं. एकटीनं फिरणारी बाई म्हणून कॉलर ताठ करून हिंडणारी मी धोंड्याच्या महिन्यात आईच्या काठीसकट यात्रा कंपनीच्या बसमध्ये चढले. पुढच्याच बाकावर जयदेवदादा आणि दमयंतीताई.

आमचा यात्रेचा व्यवस्थापक बाबासो, कोल्हापूरकडचा. गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजली की उठायचं, वाजली की चढायचं, वाजली की हात जोडायचे. शेळ्यासुद्धा यापेक्षा मनाजोगत्या चरतात, असं मी पहिल्याच दिवशी आईला म्हणाले. आईनं ऐकून घेतलं नाही. ती खुशीत होती. तिचे गुडघे बघून बाबासो तिला देवळाच्या पायऱ्यांवर अक्षरशः उचलून न्यायचा, तिच्या भातावर आठवणीनं जास्तीचं तूप घालायचा. मी एकटीनं नेलं असतं तर आई निम्मी देवळं बसमधूनच बघती, हे मला कबूल करावंच लागलं. आणि आईइतकेच खुशीत होते जयदेवदादा. शिट्टी वाजली की सगळ्यांच्या आधी उठायचे. आयुष्यभर हुकूम देणारा तो माणूस दुसऱ्याच्या हुकमात असा निवांत झाला होता की त्यांचा चेहराच मऊ दिसायला लागला. बाबासोनं चुकीच्या वाटेला बस घातली तरी ते हूं की चूं करत नव्हते. होडी त्याची होती.

दमयंतीताई मात्र खिडकीतून दर्या कुठं दिसतोय ते शोधत असायच्या. रामेश्वरला पोचलो त्या सकाळी देवळातल्या कुंडांची स्नानं चालली होती. बादल्यांवर बादल्या अंगावर पडत होत्या. ओल्या लुगड्यानं त्या बाबासोकडे गेल्या.

"भाऊ, मना बंदरावर जायाचा हाय. जराशी."

"मावशी, तसं नसतंय," बाबासो म्हणाला. "दुपारचं जेवान झालं की कन्याकुमारीला हलायचं. मुक्काम ठरल्यात. एकीला सोडलं की समद्यांस्नी सोडाय लागतंय."

बाबासोचं चुकलं नव्हतं. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हणाले असते, बहुतेक जास्त तिखटपणे.

रामेश्वराहून निघालं की पांबनचा लांबलचक पूल लागतो. आगगाडीचा जुना पूल बघायला सगळ्या बसेस तिथं थांबतात, तशी आमचीही थांबली. सगळे आगगाडीच्या पुलाकडे तोंड करून उभे. दमयंतीताई दुसऱ्या बाजूला गेल्या. खाली पांबन गाव होतं. लख्ख ऊन, आणि पाण्यात होड्याच होड्या. काही निघत होत्या, काही लागत होत्या. काठावर बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या, त्यांचं भांडण पार वरपर्यंत ऐकू येत होतं. दमयंतीताईंनी कठडा धरला होता. आषाढात उघडा दर्या त्या जन्मात पहिल्यांदा बघत होत्या.

शिट्टी वाजली. आम्ही चढलो. दमयंतीताईही चढल्या. बस पूल ओलांडून थोडी पुढं गेली, तेवढ्यात त्या उठल्या, वरची पिशवी काढली आणि ड्रायव्हरजवळ जाऊन म्हणाल्या, "थांबव."

बस थांबली. एकच गलका झाला. बाबासो दारात आडवा उभा राहिला. दमयंतीताई मागे वळून नवऱ्याकडे बघत होत्या.

"मी हितं रानार," त्या म्हणाल्या. "दोन दिस. मंग येतेय कन्याकुमारीला."

सगळी बस जयदेवदादांकडे बघत होती. मीही. मनात म्हणत होते, उठा आता. एक तर हात धरून बसवा तिला, नाहीतर तुम्हीही उतरा. ते उठले नाहीत.

"दोगां उतरा की मग, काका," बाबासो काकुळतीला आला. "बाईमाणूस, परमुलूख. जबाबदारी कुनाची?"

"तिची," जयदेवदादा म्हणाले. "जाऊ द्या तिला."

दमयंतीताई उतरल्या. बस निघाली. मागच्या काचेतून मला त्या दिसल्या, पिशवी कवटाळून रस्त्याच्या कडेला, मागच्या पुलाकडे तोंड करून उभ्या. मग वळण आलं.

कन्याकुमारीपर्यंत मी जयदेवदादांशी एक अक्षर बोलले नाही. असा दगड माणूस मी पाहिला नव्हता. बायको परक्या गावात, भाषा येत नाही, आणि हा गडी रात्री पिठलं-भात खातो, सकाळी शिट्टी वाजली की उठतो! आई म्हणाली, तू त्याच्याकडे नीट बघितलंस का? पिठलं-भात तो नुसता चिवडत होता. मी रागात होते, मला बघायचंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे सूर्यास्ताला जमले. ढग होते, सूर्य काही दिसला नाही. जयदेवदादा गर्दीपासून लांब, बसस्थानकाच्या रस्त्याकडे तोंड करून बसले होते. माझ्यानं राहवलं नाही. मी तिथं गेले आणि सरळ विचारलं, "दादा, तुम्ही उतरला का नाहीत?"

ते माझ्यावर चिडले नाहीत. त्यांचे डोळे जागरणानं लाल झाले होते.

"उतरलो असतो तर काय झाला असता?" ते म्हणाले. "खोली मीच बगितली असती. कुठं बसायचा मीच बोललो असतो. कवा निगायचा मीच. मना दुसरा येतच नाय, बाय. मी उतरलो असतो तर तितं पन मीच तांडेल. तिला बिगर तांडेलाचा जायाचा व्हता. मंग मी बशीतच बसलेला बरा, ना?"

बोलतानाही त्यांची नजर बसस्थानकाच्या रस्त्यावरून हलली नव्हती. वादळात होडी घालणारा माणूस भ्यालेला होता, आणि त्या भीतीला धरून तो जागेवर बसून राहिला होता. त्या क्षणी मला त्यांचं इतकं वाईट वाटलं की मी आईची शाल आणून त्यांना दिली. थंडी मुळीच नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी मदुराईला निघायचं होतं. दमयंतीताई आल्या नव्हत्या. बाबासोनं निघायचं लांबवलं, पुन्हा लांबवलं, दोनदा स्थानकावर माणूस पाठवला. शेवटी बाकीचे यात्रेकरू कावले आणि त्यानं शिट्टी वाजवली. सगळे चढले. सगळ्यांच्या आधी उठणारे जयदेवदादा या वेळी चढले नाहीत. त्यांनी टपावरून आपली वळकटी आणि बॅग उतरवून घेतली.

"काका, मदुराईला गाठतील की त्या," बाबासो म्हणाला.

"तिनं कन्याकुमारी सांगितलेली हाय," ते म्हणाले. "तुमी निगा. तुमची होडी भरलेली हाय."

मी आईकडे बघितलं. तिचे गुडघे, तिचं औषध, तिचा राहिलेला देव. मी उतरू शकत नव्हते. खिडकीतून मी त्यांना हात केला, पण ते स्थानकाकडे चालायला लागले होते.

पुढची मदुराई मला काही आठवत नाही. परत आल्यावर रोज संध्याकाळी मी मार्केटात चक्कर मारायचे. ओट्यावर दिशा असायची. फोन आला होता, दोघं बरी आहेत, एवढंच तिला माहीत होतं. आणि एका संध्याकाळी ओट्यावर दमयंतीताई. रंग आणखी रापलेला, आवाज बसलेला, समोर सुके बोंबील. मला बघितल्याबरोबर त्यांनी बसायला पाट सरकवला.

पांबनचं त्या भरभरून बोलल्या. बंदरावर एका बाईशेजारी जाऊन बसल्या. ती बाई कोळंबी सोलत होती. यांनी न विचारता टोपलीत हात घातला आणि सोलायला लागल्या. ती बघत राहिली, मग हसली, मग संध्याकाळी घरी घेऊन गेली. एकीचं दुसरीला अक्षर कळत नव्हतं, पण गिऱ्हाईक घासाघीस करून निघून गेलं की दोघी मिळून त्याला शिव्या द्यायच्या. धोंड्याच्या महिन्यात, यात्रेत, त्यांनी मासळीचं कालवण ओरपलं. हे सांगताना त्यांनी कानाला हात लावला आणि पुन्हा हसल्या. तिथून येताना कुठली एसटी कुठं जाते ते कळेना, मधेच भलत्या गावाला उतरल्या, म्हणून उशीर झाला.

"आणि कन्याकुमारीला?" मी विचारलं.

त्यांनी बोंबील सारखे करायला घेतले. ते सारखेच होते.

"मना वाटला, गेले सगले. बशीतना उतरले, न बगतेय तर हा मानूस ष्ट्यांडवर, वलकटीवर बसलेला. मी मनात बोलले, आता बोलनार. आता काय तरी ठरवून सांगनार. तो उठला, माजी पिशवी घेतली, न बोलला, आता कुठं जायाचा? तू सांग."

त्यांचे डोळे भरून आले. पुसायला हात उचलला, पण हाताला मासळीचा वास, म्हणून तसाच खाली ठेवला.

"मग? काय सांगितलंत?"

"कुठला काय, बाय! माज्या तोंडातना शबुदच फुटंना. लगीन झाल्यापासना कोनी इचारलाच नव्हता, मंग जवाब कुठं तयार असनार? मी बोलले, जरा थांबा, मना इचार करू द्या. तवा तो परत बसला वलकटीवर. मी बाजूला बसले. गाड्या येत व्हत्या, जात व्हत्या. एकदा पन बोलला नाय, लवकर सांग म्हनून."